तिंडिवनमचा आवाज

जयवंती दिवसभर बोलायची आणि घरी आली की गप्प बसायची. मद्रासच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ती परगावचे फोन जोडून देणारी ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचा बोर्ड, आणि तोंडात सकाळपासून एकच जप: नंबर प्लीज, होल्ड ऑन, लाइन क्लियर नाही, तीन मिनिटं झाली, वाढवू का. एवढं बोलून झाल्यावर घरी येऊन आणखी काय बोलायचं? वसंतावैनीनं "कॉफी देऊ का?" म्हणून विचारलं तर ती नुसती मान हलवायची. भाचरं म्हणायची, टेलिफोन खातं आत्तेचे सगळे शब्द ठेवून घेतं आणि रिकामी आत्ते घरी पाठवतं.

घर मद्रासातच, पश्चिम मांबलमला. माणसं तंजावरकडची मराठी. पिढ्यान्‌पिढ्या कावेरीकाठी राहिलेली, सणाला पुरणपोळी आणि रोजच्याला सांबार करणारी. घरातली मराठी बखरीतल्यासारखी जुनी आणि जागोजाग तमिळचे टाके घातलेली. पुण्याकडून कुणी पाहुणा आला की आधी हसायचा आणि मग कान देऊन ऐकत बसायचा. जयवंतीचे वडील कुंभकोणमला तालुका कचेरीत होते. ते अचानक गेले तेव्हा थोरला भाऊ शेषगिरी मद्रासला बँकेत नुकता चिकटला होता. त्यानं आईला आणि बहिणीला तिकडेच आणलं. जयवंतीला टेलिफोनमध्ये नोकरी लागली. स्थळं आली, नाही असं नाही; एक पत्रिकेवरून मोडलं, दुसऱ्याचं ठरता ठरता मुलाची आईच अंथरुणाला खिळली. मग एखाद्या घरात गच्चीला रंग द्यायचा राहून जातो तसं तिचं लग्न राहून गेलं. त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही, आणि ते लोकांना पटत नसे.

चणीनं ती एवढीशी. बोर्डाची वरची ओळ गाठायची तर खुर्चीवर उशी घ्यावी लागे. आवाज मात्र खर्जातला, भारदस्त. तारेवरून तो ऐकला की मोठमोठे व्यापारी सुद्धा अदबीनं बोलत.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात शेषगिरीनं आपल्या सेकंडहँड अँबेसिडरमध्ये सगळ्या घराला घातलं आणि कावेरीकाठच्या मुलखात फिरवून आणलं. असा प्रवास त्या घरानं पूर्वी कधी केला नव्हता. शेषगिरीला कुंभकोणमची आपली शाळा बघायची होती, ती त्यानं बघितली. वसंताला पितळी समई हवी होती, ती मिळाली. मुलगा सुंदर कॉलेजात होता. त्याला तरंगंबाडीचा समुद्र पाहायचा होता. धाकटी त्रिपुरसुंदरी जिथं गाडी थांबेल तिथं काहीतरी खात होती. जयवंती मागच्या सीटवर दोन्ही भाचरांच्या मध्ये, कारण मध्ये मावेल एवढी तीच होती. "तुला काय पाहायचं?" असं वसंतानं विचारलं की ती म्हणे, "मला काय, तुम्ही जाल तेथे."

शेवटच्या दिवशी सकाळी चिदंबरमहून निघाले. कुंभकोणमपासून गाडीचा एक दिवा बंद होता, त्यामुळे शेषगिरीनं एकच धोशा लावला होता: दिवस मावळायच्या आत मद्रासच्या वेशीवरचं तांबरम गाठायचं. कडलूर मागे पडलं, पाँडिचेरीचं फाटक मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ताडाची झाडं, सुरूची बनं, आणि झाडाखाली कलिंगडांचे ढीग. उन्हानं डांबर पातळ झालं होतं.

पाँडिचेरी सुटल्यापासून जयवंती अस्वस्थ झाली आहे हे पहिल्यांदा वसंताच्या ध्यानात आलं. पुढच्या सीटवरून तिनं आरशात पाहिलं. जयवंती मान लांब करकरून मैलाचा प्रत्येक दगड वाचत होती.

"काय गं जया, गाडी लागतेय का?"

जयवंतीनं मान हलवून नाही म्हटलं.

तिंडिवनमच्या चौकात मद्रासचा हमरस्ता लागतो. बसस्टँडची गर्दी, हॉर्न, चहाच्या गाड्या. शेषगिरी गाडी उजवीकडे वळवणार एवढ्यात मागून तो खर्जातला आवाज आला.

"अण्णा, थांब."

शेषगिरीनं दचकून ब्रेक दाबला. मागच्या बसवाल्यानं शिव्या दिल्या.

"कसाला?"

"येथे मला एकीला भेटायचं आहे."

"येथे? येथे आपलं कोण आहे?"

"तिंडिवनम आहे."

"हे तिंडिवनमच आहे. पाटीवर लिहिलंय."

"पाटीवरचं नव्हे," जयवंती म्हणाली. "माझी तिंडिवनम."

आता हे समजायचं तर थोडं मागं जायला हवं. ट्रंक ऑपरेटर एकमेकींना नावानं हाक मारत नसत. गावाच्या नावानंच मारत. मद्रासहून तिंडिवनमच्या कुणाशी बोलायचं असलं की जयवंती तिकडच्या एक्स्चेंजला हाक घाली, आणि तिकडून एक बारीक, किणकिणता आवाज ओ देई. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा कुणा शेंगदाणा व्यापाऱ्यानं लाइन तुटली म्हणून जयवंतीला फाडफाड बोलायला सुरुवात केली. जयवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तो किणकिणता आवाज मध्ये पडला: "सर, मद्रासची काही चूक नाही. आमच्या इथं तारेवर चिंचेची फांदी पडली आहे." व्यापारी गप्प झाला. त्यानं फोन ठेवल्यावर जयवंतीनं विचारलं, "फांदी खरंच पडली का हो?" तिकडून उत्तर आलं, "वाराच नाही इथं."

तिथून ओळख वाढली. पार्टी, म्हणजे ज्याला बोलायचं तो माणूस, फोनवर येईपर्यंत जो काय क्षण-दोन क्षण मोकळा मिळे, तेवढ्यात बोलायचं. सुपरवायझर पाठीशी उभी असली तर कामाचंच बोलतोय असं दाखवून बोलायचं. "तिंडिवनम, तिकडं लाइन कशी आहे?" म्हणजे तब्येत कशी आहे. "खरखर आहे" म्हणजे सासूशी वाजलंय. असं तुकड्यातुकड्यानं एक अख्खं आयुष्य जयवंतीला कळत गेलं. गाय व्याली, सासू गेली, कनका नावाची मुलगी झाली, ती मुलगी शाळेत पहिली येऊ लागली. इकडं सुंदरला गोवर आला, त्रिपुरेचं नाक टोचलं गेलं, आईचे दिवस झाले. आई गेली त्या दिवशी जयवंतीच्या डोळ्यांतून घरात टिपूस आलं नव्हतं. कामावर रुजू झाल्यावर तिकडून नुसतं "मद्रास, मी आहे लाइनवर" असं ऐकू आलं आणि मग आलं.

इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. आणि आता खात्यात बोलवा होती की वर्षा-दोन वर्षांत तिंडिवनमला एसटीडी येणार. लोक आपापला नंबर आपणच फिरवणार. मग मध्ये बोलायला कुणी लागणारच नाही.

यातलं अर्धंमुर्धं जयवंतीनं त्या चौकात, बसच्या हॉर्नमध्ये, एका दमात सांगितलं. गाडीत सगळे तिच्याकडे पाहत राहिले. आत्तेला सलग एवढं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"जया, ओळख ना देख," शेषगिरी म्हणाला. "दिवा बंद आहे गाडीचा."

"दिवाच बंद आहे, डोळे नव्हेत," वसंता म्हणाली. "सगळ्या प्रवासात तिनं हे एकच मागितलं. वळवा गाडी."

शेषगिरीनं घड्याळ पाहिलं. "अर्धा तास. त्यावर एक मिनिट नाही."

एक्स्चेंज पोस्टाच्या मागं एका कौलारू इमारतीत होतं. खिडकीशी एक तरुण पोरगी आली. जयवंतीनं बोलायला तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की जिला भेटायचं तिचं नावच आपल्याला ठाऊक नाही. तिची गाय ठाऊक, मुलगी ठाऊक, सासूचा दमा ठाऊक, नाव नाही.

"तुमच्याकडं एक ऑपरेटर आहेत," ती तमिळमध्ये म्हणाली. "आवाज बारीक आहे. पुष्कळ वर्षं आहेत. त्यांना—"

पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. "तुम्ही मद्रास," ती म्हणाली. "ट्रंकवरच्या मद्रास. हो ना?"

जयवंतीनं मान हलवली.

"मग तुम्हाला कामाक्षीअक्का हव्यात. आज रविवार, त्यांची सुटी. घरी असतील, नेडुंगुळमला. वेशीवरचं देऊळ सोडलं की डावीकडं तांबड्या मातीचा रस्ता. मी राइस मिलवर फोन करून कळवू का?"

"नको," जयवंती म्हणाली. "अचानक जाऊ दे."

"बरं, नाही करत," पोरीनं वचन दिलं. ऑपरेटरच्या पोटात बातमी किती वेळ राहते हे जयवंतीला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त ठाऊक होतं, पण त्या क्षणी तिला ते आठवलं नाही.

तांबड्या रस्त्यानं गाडी डुलत निघाली. दोन्ही बाजूंना भुईमुगाची काढलेली रानं, मध्ये आटलेलं तळं, तळ्यात उतरलेल्या शेळ्या. शेषगिरी प्रत्येक खड्ड्याला एकेका देवाचं नाव घेत होता. मागच्या सीटवर जयवंती पदर नीट करत होती, परत विस्कटत होती, परत नीट करत होती.

"आत्ते, ती दिसायला कशी असेल?" त्रिपुरेनं विचारलं.

जयवंतीला त्याचा विचार करावाच लागला नाही. "उंच. अगदी किडकिडीत. मान लांब, चष्मा, मागं लहानसा अंबाडा."

गावात शिरताच वडाखाली दहा-वीस माणसं उभी दिसली. बायका, पोरं, एक म्हातारा छत्री उघडून. राइस मिलच्या दारात मिलचा मालक स्वतः हात करून रस्ता दाखवत होता. गाडी थांबली तशी त्या घोळक्यातून एक बाई पुढं झाली. काळीसावळी, ऐसपैस, दोन्ही नाकपुड्यांत खड्यांच्या चमक्या, हाताला पीठ लागलेलं. ती तरातरा आली ती थेट वसंतापाशी. वसंता अंगानं भरलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, उतरण्याची पद्धत हेडमास्तरणीसारखी. बाईनं तिचे दोन्ही हात आपल्या पिठाच्या हातांत घेतले, आणि तिचे डोळे भरून आले.

"मद्रास," ती म्हणाली. आवाज काचेच्या बांगड्यांसारखा बारीक.

वसंतानं हात सोडवून घेतले नाहीत. ती हळूच म्हणाली, "मी नव्हे हो. ती बघा, दाराआड आहे ती."

बाईनं वळून पाहिलं. गाडीच्या उघड्या दारामागून एका एवढ्याशा बाईचं डोकं वर आलं होतं.

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. जयवंतीच्या मनातली ती उंच, चष्म्याची बाई जागा सोडायला तयार नव्हती, आणि कामाक्षीच्या मनातली हेडमास्तरीण तर अजून तिच्या शेजारीच उभी होती. सगळं गाव कान टवकारून उभं. जयवंतीनं पुन्हा पदर नीट केला. कामाक्षी हसली, पण परक्या पाहुण्याकडे पाहून हसतात तशी.

"या," ती म्हणाली. "ऊन फार आहे."

घर नीटनेटकं, पुढं तिण्णै, म्हणजे सावलीचा मातीचा ओटा. सगळे तिथं टेकले. ताक आलं, चकल्यांसारखे मुरुक्कू आले. कामाक्षीचा नवरा, खांद्यावर पंचा टाकलेला, मिशांचा, कमी बोलणारा माणूस. तो खाली बसून कोयत्यानं कलिंगडं कापू लागला. दाराच्या चौकटीला टेकून सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी उभी होती. ती कनका असणार हे कुणी न सांगता कळत होतं, कारण तिचं नाक आईचं होतं.

"प्रवास बरा झाला?" कामाक्षीनं विचारलं.

"झाला," जयवंती म्हणाली.

"ऊन लागलं असेल."

"लागलं थोडं."

कलिंगडाची फोड कचकन तुटल्याचा आवाज तेवढा आला. त्रिपुरा आत्तेकडे पाहून मग कामाक्षीकडे पाही, टेनिसची मॅच चालली असावी तशी. पण चेंडू कुणीच मारत नव्हतं. जयवंतीला रडू यायला लागलं. वर्षानुवर्षं जे एवढं आपलं वाटत होतं ते तारेतच होतं की काय, आणि आपण उगाच ते पाहायला आलो, असं तिला वाटलं. शेषगिरीनं घड्याळाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला ते बघितल्याची शरम वाटली.

"कॉफी करते," असं म्हणून कामाक्षी उठली. तीही सुटल्यासारखी आत गेली.

स्वयंपाकघर तिण्णैच्या अगदी मागं. मध्ये एक भिंत, भिंतीला गजांची लहान खिडकी. जयवंती त्याच भिंतीला पाठ लावून बसली होती. आत भांडी वाजली, स्टोव्ह फरफरला. आणि मग खिडकीतून, सवयीनं, विचार न करता, तो आवाज आला.

"मद्रास, साखर किती?"

जयवंतीचे डोळे आपोआप मिटले. "तिंडिवनम, अर्धा चमचा. बाकी सगळ्यांना दोन."

"डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली ना? पोंगलला म्हणाला होतात."

"सांगितली. पण वैनी ऐकत नाही, लाडू करते."

"वैनी म्हणजे ती गोरी, माझा हात धरलेली?"

"हात तुम्ही धरलात तिचा. मी दाराआडून बघत होते."

आत कामाक्षी हसली, आणि ते हसणं जयवंतीला ओळखीचं होतं, त्यात कुठं खोड काढायला जागा नव्हती. मग धरण फुटावं तसं झालं. या इकडून, त्या तिकडून, मध्ये भिंत. सुपरवायझरचं लग्न, गायीचा खूर, वादळाच्या वर्षी तिंडिवनमची तार तुटेपर्यंत दोघींनी मिळून पोहोचवलेले निरोप, शेंगदाणा व्यापाऱ्याची फांदी. कॉफी त्रिपुरा आणि कनका मिळून बाहेर घेऊन आल्या. कामाक्षी बाहेर आलीच नाही. वसंता पदर तोंडाला लावून हसत होती. सुंदरनं तिच्या कानात म्हटलं, "अम्मा, आत्तेला एवढं सगळं येतं?"

शेषगिरीनं कॉफीचा पेला खाली ठेवला, घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाला, "तीन मिनिटं झाली."

शेषगिरी कधी थट्टा करत नसे, त्यामुळे सगळे क्षणभर गोंधळले. जयवंतीनं डोळे न उघडता उत्तर दिलं, "वाढवा."

मग ती जरा थांबून म्हणाली, "तिंडिवनम, कनकाच्या कॉलेजचं काय झालं? मार्क तर चांगले पडले होते. मद्रासला अर्ज केला होता ना?"

आतलं बोलणं तुटलं. चौकटीतली कनका आत सरकली.

"लाइन क्लियर नाही," कामाक्षी म्हणाली.

कलिंगड कापणारा हात थांबला. नवऱ्यानं मान वर केली. "ती लाइन म्हणजे मी का?" त्यानं विचारलं.

खिडकीतून बारीक आवाज आला, "ऑपरेटरनं पार्टीच्या बोलण्यात पडायचं नसतं."

नवरा हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. तो शेषगिरीकडे वळला. "सर, मुलगी हुशार आहे. मला कळतं. कॉलेजात जागा आहे म्हणतात. पण मद्रास केवढं, आणि तिथं आपलं म्हणायला एक माणूस नाही. ताप आला तर कुणाला सांगेल? मी काय वाईट बोलतो?"

जयवंतीनं त्या माणसाकडे पाहिलं; समोरासमोर बोलणं तिला जमणार नव्हतं. तेव्हा ती भिंतीकडे वळली, पाठ ताठ केली आणि ड्यूटीवरच्या आवाजात बोलली.

"तिंडिवनम, तुमच्या पार्टीला सांगा. मांबलमला आमचं घर आहे. माझी स्वतःची खोली आहे, खिडकी रस्त्यावर आहे, दुसरी खाट मावते. स्टेशन चालत जाण्यासारखं आहे. मुलीला ताप आला तर मी रजा काढीन; माझी रजा पुष्कळ पडून आहे. कनका दूध पीत नाही, तिला पेरू आवडतात, अंधारात झोपायला भिते, हे मला ठाऊक आहे. परक्या माणसाला एवढं ठाऊक नसतं."

आतून कामाक्षी म्हणाली, "पार्टी ऐकतेय." तिचा आवाज नेहमीपेक्षा जाड झाला होता.

नवऱ्यानं कोयता खाली ठेवला आणि पंच्यानं हात पुसले. हे सगळं त्याच्याच ओट्यावर, त्याच्यापासून हातभर अंतरावर चाललं होतं, तरी त्यानंही भिंतीलाच उत्तर दिलं. "विचार त्यांना, घरातल्या बाकीच्यांना चालेल का?"

आता सगळे शेषगिरीकडे पाहू लागले. घर त्याचं होतं. खोलीही, तसं पाहिलं तर, त्याचीच.

"मला कुणी विचारलंच नाही," तो मराठीत पुटपुटला.

"तुमची लाइन एंगेज्ड होती," वसंता म्हणाली. "घड्याळाशी बोलत होतात."

शेषगिरीनं बहिणीकडे पाहिलं. ती अजून भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि तिची मान लहानपणी परीक्षेच्या निकालाला ताठ व्हायची तशी ताठ झाली होती. कुंभकोणमहून आणल्यापासून तिनं त्याच्याकडे स्वतःसाठी काय मागितलं होतं, हे त्याला आठवून पाहायचं होतं, आणि आठवेना.

तो तमिळमध्ये म्हणाला, "हॉस्टेल मिळालं तर शनिवार-रविवार येईल. नाही मिळालं तर आमच्याकडेच राहील. त्रिपुरेला गणित शिकवेल; मला ते जमत नाही."

त्रिपुरेनं तोंड वाकडं केलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

तेव्हा कामाक्षी बाहेर आली. डोळे पुसलेले, पण नीट नाही. ती येऊन जयवंतीशेजारी भिंतीला पाठ लावून बसली. दोघी समोरच्या कडुनिंबाकडे पाहत होत्या, एकमेकींकडे नाही. थोड्या वेळानं कामाक्षीनं विचारलं, "मद्रास, तुमचं नाव काय हो?"

"जयवंती."

"जयवंती," कामाक्षीनं म्हणून पाहिलं. "चांगलं आहे. पण मला जिभेवर येणार नाही."

"मलाही कामाक्षी येणार नाही," जयवंती म्हणाली, आणि मग दोघींनी माना वळवल्या आणि एकमेकींना नीट, वेळ घेऊन पाहून घेतलं.

अर्ध्या तासाचे किती तास झाले ते कुणी मोजलं नाही. जेवण झालं, केळीच्या पानावर भात, वांग्याच्या आंबट रश्शाचं कोळंबू, ताजं दही. मिलचा मालक चार वेळा येऊन "काही फोन करायचा का?" विचारून गेला. डिकीत समई आधीच होती, तिच्याभोवती कलिंगडं रचली गेली. शेषगिरी म्हणाला, "टायर बसतील," तर कामाक्षीच्या नवऱ्यानं आणखी एक ठेवलं.

परतीच्या वाटेवर मदुरांतकम येईपर्यंत जयवंती बोलत होती. तारेवरून ऐकलेलं लोकांचं काही तिनं तेव्हाही सांगितलं नाही. ते ती कुणालाच सांगत नसे. पण स्वतःचं सांगितलं. पहिल्या दिवशी उशी घरून नेली होती ते, सुपरवायझरला फसवायच्या खुणा, वादळातली ती ड्यूटी. सुंदर म्हणाला, "आत्ते, हे तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कोणी विचारलंत कोठे? आणि आल्या आल्या कॉफी की नको एवढंच विचारता. त्याला मान हलवली की होतं."

तांबरमला पोचेस्तोवर दिवेलागण झालीच. एका दिव्याची अँबेसिडर बसच्या मागं मागं राहून, तिच्या उजेडात चालत चालत मांबलमला आली. शेषगिरी शिट्टी वाजवत होता. शेजारच्या सकवारबाई दारात उभ्याच होत्या. "काय काय पाहिलंत?" त्यांनी विचारलं. वसंतानं तंजावर म्हणायला तोंड उघडलं, पण जयवंतीनंच उत्तर दिलं, आणि सकवारबाईंना हातातली तुळशीची कळशी खाली ठेवावी लागली, कारण गोष्ट लांब होती.

जुलैत कनका आली. वडील तिला पोचवायला आले होते. त्यांनी नळ पाहिला, विहीर पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले, स्टेशनपर्यंत स्वतः चालत जाऊन आले. हॉस्टेल मिळालं नाही, आणि पुढं कधी मिळवायचा प्रयत्नही कुणी केला नाही. पहिल्या महिन्यात कनका घरात अजिबात बोलत नसे. जयवंतीला ते बरं वाटायचं नाही, ती तिला रोज रात्रीच्या जेवणाला काहीतरी विचारून बोलायला लावी. त्रिपुरा गणितात पास झाली. दोन वर्षांनी तिंडिवनमला एसटीडी आली, दोघींचे बोर्ड गेले, आणि जयवंतीला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. तिथं लोक समोर येऊन बोलत. तिला ते जमायला वेळ लागला, पण जमलं.

त्या जुलैत कनकाला सोडून निघताना तिचे वडील पायरीवर थांबले होते. पिशवी या हातातून त्या हातात घेत ते जयवंतीला म्हणाले, "मुलीचं काही असलं तर फोन करा."

"तुमच्याकडं फोन नाही," जयवंती म्हणाली.

"मिलला आहे," ते म्हणाले. "आणि तिथं फोन आला की सगळं गाव सांगायला पळतं."